बिस्किटाच्या पुड्यातलं माझं कार्ड

मला राग फार लवकर येतो. माहेरी तो गुण होता, कारण मी खो-खो खेळायचे. आमचे सर मॅचच्या आधी मुद्दाम काहीतरी खोचक बोलून मला चिडवून ठेवायचे. चिडले की मी पळणाऱ्या पोरीला खुंटापर्यंतसुद्धा पोहोचू द्यायचे नाही. सासरी आल्यावर तोच राग अवगुण झाला. आता पंचेचाळिशी ओलांडली आहे, आणि मागच्या वर्षी ज्या गोष्टीनं तो पुन्हा भडकला ती तळहाताएवढीसुद्धा नाही. ते एक कार्ड आहे, पूर्वी बिस्किटाच्या पुड्यात फुकट मिळायचं तसलं, आणि त्याच्यावर माझा फोटो आहे.

माझं माहेर तामलवाडी. आमच्या जिल्ह्यात खो-खोला काय मान आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पोरीला सायकल घेऊन देणार नाहीत, पण ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेली की सगळी आळी तिच्या बापाला थांबवून विचारते. मी शाळेच्या मुरमाड मैदानावर गुडघे फोडत राज्य स्पर्धेपर्यंत गेले. त्या वर्षी कुठल्याशा बिस्किट कंपनीनं क्रिकेटवाल्यांची कार्डं काढता काढता कबड्डी आणि खो-खोच्या पोरापोरींचीही काढायची ठरवली. मंडपाच्या पांढऱ्या पडद्यापुढं आम्हाला एकेक करून उभं केलं, फोटो काढले, नाव-गाव लिहून घेतलं. कार्ड देतो म्हणाले नाहीत, आणि आम्हीही मागितलं नाही. फोटो निघाला यातच आम्ही हरखून गेलो होतो.

कार्डं बाजारात आली तेव्हा माझं लग्न ठरत होतं. तुळजापूरच्या स्टँडवर एका परक्या शाळेच्या पोरीच्या हातात मी माझं कार्ड पाहिलं. मी म्हटलं, ही मी आहे. तिनं एकदा कार्डाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कार्ड दप्तरात टाकलं. म्हणाली, "मग काय झालं? मला निघालंय त्ये." त्यानंतर मी गावच्या दुकानातले पुडे संपवले. प्रत्येक पुड्यातून कबड्डीचा एकच मिशावाला पैलवान निघाला. घरातल्या सगळ्यांना बिस्किटांचा वीट आला, आणि मी परंड्याला नांदायला आले.

लग्नात माझं नाव बदललं. आडनाव नव्हे, ते तर सगळ्यांचंच जातं. माझं स्वतःचं, बापानं ठेवलेलं नाव. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं त्यात नवं नाव लिहिलं, सासूनं साखर वाटली, बायकांनी कौतुक केलं. कारण काय, तर सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव तेच होतं. घरात वडीलधाऱ्या बाईचं नाव असताना सुनेला त्याच नावानं हाक कशी मारायची? ती थोरली बाई दिली होती भूमच्या पुढं. वर्षातून दोनदा यायची, दोन दिवस राहून लोणच्याची बरणी घेऊन जायची. तिच्या त्या चार दिवसांसाठी माझं आयुष्यभराचं नाव गेलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता छापून फुकट का सांगू? नवं नावही लिहीत नाही, ते रेशन कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडं आहेच.

नवरा शाळेत क्लार्क. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मी मॅचिंग सेंटर चालवते, ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल-पिको. भाचीनं एकदा मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं, जुनी खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्या लोकांचा. महाराष्ट्रभरची माणसं त्यात. कार्डांचे फोटो टाकायचे, तुझं हे मला दे, माझं ते तू घे, असा सौदा करायचा आणि पोस्टानं पाठवायचं. मी त्यात शिरले ती एकाच कार्डासाठी. पण रिकाम्या हातानं देवाणघेवाण होत नसते. म्हणून दुकानात येणाऱ्या बायकांना मी विचारायला लागले, की घरात कुणाची च्युइंगममधली जुनी क्रिकेटची कार्डं पडली आहेत का. कुणी भावाची आणली, कुणी नवऱ्याची न विचारता आणली. एकीनं तर पिठाच्या डब्याखालून काढून आणली. वर्षभरात माझ्याकडं असा साठा झाला, की ग्रुपमधली मोठमोठी माणसं मला ताई म्हणायला लागली.

पाठवण्याची माझी पद्धत माझीच होती. ब्लाऊज पीसच्या घडीत जो पुठ्ठा असतो, त्याचे दोन तुकडे कापायचे, मध्ये बटर पेपरात कार्ड, चारी बाजूंनी कच्चा टाका. चिकटपट्टी कार्डाच्या जवळपास येऊ द्यायची नाही. नागपूरच्या एकानं लिहिलं होतं, की ताईंचं पाकीट उघडायला सुरी नाही, उसवणी लागते. मला ते आवडलं होतं.

आणि मग एका दुपारी कोल्हापूरच्या एका निवृत्त बँकवाल्यानं आपल्या जुन्या अल्बमची पानं ग्रुपवर टाकली. तिसऱ्या पानावर खालच्या ओळीत मी. दोन वेण्या, बनियनवर जिल्ह्याचं नाव, कपाळाला आठी. त्यानं कार्डाच्या मागच्या बाजूचाही फोटो टाकला होता. माझं नाव, गाव, आक्रमणात सरस, आणि आवडता पदार्थ पुरणपोळी. मला कुणीही काही विचारलं नव्हतं. मला पुरणपोळी आवडत नाही, आमटी आवडते. खाली त्यानं लिहिलं होतं, "खो-खोला गिऱ्हाईक नाही, कुणाला हवं असेल तर बोला." गिऱ्हाईक नाही. मी हातातलं कापड खाली ठेवलं आणि लगेच त्याला कळवलं, मला हवं आहे.

त्याला माझ्याकडचा च्युइंगमवाल्या क्रिकेटपटूंचा अख्खा संच हवा होता. एका कार्डाला अख्खा संच, ग्रुपमध्ये लोक हसले. आमच्यात रीत अशी, की जो नवा त्यानं आधी पाठवायचं, जुन्यानं ते मिळाल्यावर. मी त्याच्यापेक्षा नवी. मी संच पाठवला. तो मिळाल्याचं कळवताना त्यानं विचारलं, एवढं या कार्डात काय आहे? मी सांगितलं, ती मी आहे. त्यावर त्यानं मोठा निरोप लिहिला, फार भारावून गेला होता. म्हणाला, मग पाकिटावर मी तुमचं खेळाडूचंच नाव घालतो, तो तुमचा मान आहे. मी होकार दिला. त्या नावानं आपल्याला टपाल येणार या विचारानं मी दोन दिवस उगाचच खुशीत होते.

पाकीट आलं त्या दिवशी मी माल आणायला कुर्डुवाडीला गेले होते. संध्याकाळी परत आले, कुणी काही बोललं नाही. चार दिवसांनी कोल्हापूरवाल्याचा ग्रुपवरच निरोप, सगळ्यांसमोर: पाकीट परत आलं आहे, त्यावर 'या नावाची व्यक्ती या पत्त्यावर नाही' असा शेरा आहे, ताईंनी खुलासा करावा. खाली एकानं लिहिलं, हल्ली फसवाफसवी फार वाढली आहे. कालपर्यंत जी माणसं माझ्या पुठ्ठ्याच्या टाक्यांचं कौतुक करत होती, ती माझा खरा पत्ता कोणता हे विचारायला लागली. मी चिडून आधी पोस्टात गेले.

पोस्टमन नवा होता, बदली होऊन आलेला, बिचारा अदबशीर पोरगा. म्हणाला, "ताई, म्या दारात उभं ऱ्हाऊन इचारलं. तुमच्या मालकांनीच सांगितलं, ह्या नावाचं हितं कुणी न्हाय."

मी म्हटलं, "ते माझंच नाव आहे."

"आधारावर हाय का त्ये नाव?"

"नाही."

"मग म्या तरी काय करू, सांगा? घरातल्या कुणी वळख दिली तर दिईन. नायतर परत धाडावं लागतंय."

मी पोस्टातून घरी आले ती पायांनी नव्हे, रागानं आले. नवरा जेवायला बसला होता, सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "मागच्या आठवड्यात पोस्टमन आला होता?"

"आला व्हता. कुणाचं तरी पाकीट घिऊन. म्या म्हणलं, चुकून आलंय."

"कुणाचं नाव होतं त्यावर?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

शाळेतल्या शेकडो पोरांच्या अर्जांवरची आईची नावं या माणसाला पाठ असतात. कुणाच्या दाखल्यावर आईचं नाव चुकलं तर घरी येऊन हळहळतो. मी म्हटलं, "बरं, मला सांगा, लग्नाच्या आधी माझं नाव काय होतं?"

त्यांनी घास तोंडात ठेवला आणि विचार केला. खरंच विचार केला, तेच मला सोसलं नाही. ज्या आत्यापायी ते नाव गेलं, तिलाही हे जन्मभर नुसतं आत्याच म्हणत आले. मग त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं.

पुढचा अर्धा तास मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. ज्या बोटांनी तुम्ही तांदळात रेघा ओढल्या त्या बोटांना खाली काय पुसलं जातंय ते कळलं नाही का, असं काहीतरी म्हणाले. पत्रिका छापली होती, त्यावर माझं नाव होतं, तुमच्याच घरून पाचशे वाटल्या, असंही म्हणाले. नवरा म्हणाला, "तुझ्या नावानं आलं असतं तर म्या घेतलं नसतं का?" यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच नावानं आलं होतं हो, तेच तर तासभर सांगते आहे.

सासूबाईंनी लसणाची टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाल्या, "नाव बदललं म्हून तुला भाकर कमी पडली का?"

मी म्हटलं, "भाकरी मीच थापते. कमी पडली तर तुम्हाला पडेल."

"तोंडाळ हाय," त्या लेकाला म्हणाल्या, आणि त्यानं मान हलवली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एवढं एकमत मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या सगळ्या काळात मला एकच भीती होती, की कार्ड हातचं जाणार. कोल्हापूरवाल्याला मी फोन केला. आता तो भारावलेला नव्हता. पुन्हा पाठवतो म्हणाला, पण तिसऱ्यांदा नाही. पुण्याच्या एकाला खो-खोचा सबंध संच हवा आहे, पाकीट पुन्हा परत आलं तर कार्ड त्याला जाईल आणि माझा क्रिकेटचा संच मला परत मिळेल, हिशेब संपला. आणि म्हणाला, "यावेळी तुमचं रोजचं नाव घालू ना? ते बरं. नक्की पोहोचेल."

अक्कल असलेल्या बाईनं हो म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. म्हटलं, "कार्डावर आहे तेच नाव घाला."

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी सरळ विचारलं, "तुला कार्ड पायजे का भांडाण?"

"दोन्ही पाहिजे," मी म्हटलं.

मला हसतील माणसं, पण माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. ते कार्ड दुसऱ्याच बाईच्या नावानं घरात घ्यायचं म्हणजे कार्डावरच्या त्या पोरीला मागच्या दारानं आत घेतल्यासारखं झालं असतं. मैदानावर ती समोरून पळायची. आणि पोस्टमननं रस्ता दाखवलाच होता, घरातल्या कुणीतरी फक्त म्हणायचं होतं, हो, ही आमचीच आहे. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर एवढं एक वाक्य मागणं म्हणजे काही राज्य मागणं नव्हतं. मी खडू घेतला आणि घराच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नाही. तो मजकूर एकाच माणसासाठी होता.

नवऱ्यानं ते वाचलं. येता जाता वाचलं असणार, कारण कडी तिथंच होती. पण तोंडातून अक्षर नाही. मीही बोलणं सोडलं. जेवायला वाढायचं, भांडं जरा आपटून ठेवायचं, आणि दुकानात जाऊन बसायचं. माझ्या मनात रोज तोच विचार, की मी नेमकी माल आणायला गेले असताना पाकीट येईल, हा माणूस दारात उभा राहील आणि मागच्यासारखाच मान हलवेल. म्हणून मी कुर्डुवाडीला जाणंच बंद केलं. काळं अस्तर संपलं तरी गेले नाही, गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

तो शनिवार होता, शाळा सकाळची, नवरा दुपारी घरी. घराचं दार बोळात आहे आणि दुकान रस्त्यावर, मध्ये एक पडदा. दुकानात सोनारी गावची एक जुनी गिऱ्हाईक आली होती. साडीचा रंग मोरपंखीही नव्हता आणि हिरवाही नव्हता, दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. मी पीसवर पीस काढून उजेडात धरत होते. एकही जुळत नव्हता आणि मला त्याचाही राग येत होता.

आतून नवऱ्याची हाक ऐकू आली. कुणाला तरी बोलावत होते. मी पीसची घडी मोडली, दुसरा काढला. पुन्हा हाक.

गिऱ्हाईक म्हणाली, "कुणाला हाका मारायलेत वो तुमच्या घरात?"

मी कापड साडीच्या काठाला लावून बघत म्हटलं, "असेल शेजारचं कुणीतरी."

मग पडदा सरला. नवरा उभा होता, त्यांच्या मागं बोळाच्या दारातून आत वाकलेला पोस्टमन. नवऱ्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं. लग्नात ताटापुढं बसले होते तेव्हासुद्धा इतके अवघडलेले नव्हते. त्यांनी पोस्टमनकडं न बघता म्हटलं, "हीच. माझी बायको हाय." आणि मग माझ्याकडं बघून ते नाव घेतलं, अगं लावून, "कवापासनं हाका मारायलोय, ऐकू येत न्हाय व्हय तुला?"

तेव्हा कुठं मला ऐकू आलं.

मी सही केली. त्या नावाच्या सहीतलं पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं. पोस्टमन म्हणाला, "चला, झालं बगा काम," आणि गेला. गिऱ्हाईक कौतुकानं म्हणाली, "हे नाव हाय व्हय तुमचं? लई ग्वाड हाय की." नवरा अजून पडद्याशी उभा होता. आपण सांगितलेलं काम नीट केलं, आता हिचा राग जावा, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि खरं म्हणजे त्यांच्यावर चिडायला मला त्या घडीला काही कारणच उरलं नव्हतं.

पाकीट मी हातातच धरून बसले. महिनाभर मी सगळ्या घराला धारेवर धरलं होतं, की तुम्हाला माझं नाव माहीत नाही. त्या माणसानं दारात उभं राहून, परक्यासमोर, मोठ्यानं ते नाव घेतलं. एकदा नाही, दोनदा. आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, की ओ द्यायची ती मी. असेल शेजारचं कुणीतरी, असं मीच म्हणाले. नवऱ्यावर, सासूवर, त्या भूमच्या म्हातारीवर चिडायचं मला चांगलं जमतं. हा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.